सुनंदाच्या नावाचा क्रिकेट चषक

सुनंदाच्या नवऱ्याचा, गिरधर भाऊजींचा, फोन आला तेव्हा मी कुडव्याच्या आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पंपाचा फूटव्हॉल्व्ह दाखवत होते. “ताई, सुनंदा राहिली नाही जी,” एवढंच बोलून ते थांबले. मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मी गिऱ्हाइकाला व्हॉल्व्ह बांधून दिला, शटर ओढलं आणि गाडी काढली. अशा वेळी मी सामान कसं बांधून देऊ शकले, याचं नंतर लोकांना नवल वाटलं. त्या माणसाच्या धानाला शेवटचं पाणी हवं होतं, म्हणून दिलं. रस्त्यात मात्र मला जो राग चढला तो अजून उतरलेला नाही, आणि हा लेखही मी रागातच लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

पहिला राग सुनंदावरच. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं होतं आणि बरेच महिने अंगावर काढलेलं दिसतं. मला त्याचं नवल वाटलं नाही. आम्ही दोघी दवनीवाड्याच्या बाजूच्या एका गावात वाढलो आणि शाळेच्या खोखो संघात एकत्र खेळलो. आमच्या बाईंची पहिली शिकवण अशी, की पळताना तोंड उघडायचं नाही. तुला धाप लागलेली दिसली की पाठलाग करणारी तुझ्यावरच डोळा ठेवते, म्हणून तोंड मिटून, नाकाने श्वास घ्यायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा. शाळा सुटली तशी मी ही शिकवण विसरले. आता जिना चढले की धापा टाकते आणि चार लोकांना सांगतेही. सुनंदा विसरली नाही. मैदानाची एक फेरी मारली तरी तिला दम लागायचा, हे तिच्या शाळेतल्या मुलींना आता आठवतं… ती खांबाला हात लावून उभी राहायची, ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, आणि मुलींना वाटायचं, बाई रागावल्या. नवऱ्यालाही तेच वाटायचं. फोनवर ती तुटक बोलायला लागली तेव्हा मीही समजले की माझ्यावर काही तरी बिनसलंय. गावात हिच्या मागे धावत कोण होतं? दवाखान्यात गडी बाद करत नाहीत, सुनंदा. हे मला तिला तोंडावर सुनवायचं होतं.

ती पुढे गावच्याच शाळेत खेळाची बाई झाली आणि मी लग्न होऊन कुडव्याला आले. भेटी होत राहिल्या, भांडणंही. भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच असायचा. खरा खेळ कोणता, आणि बघण्यासारखा कोणता? हा वाद ती कोणाशीही घालायची. गावात संजूचं मोबाइलचं दुकान आहे. तो तिचाच विद्यार्थी, आता ग्रामपंचायतीचा सदस्य. त्याच्या दुकानातल्या टीव्हीवर सामना लागला की बाहेरची बाकडी भरायची, आणि शाळेतून घरी जाताना सुनंदा मुद्दाम तिथे गाडी थांबवायची.

“काय पाहून राहिले रे?”

“टेस्ट मॅच, बाई,” संजू म्हणायचा.

“आता काय चालू हाय?”

“लंच.”

“मधात जेवणाची सुट्टी होते तो खेळ नाही रे, ती ड्यूटी हाय. खोखोत जेव आन् मंग पळून दाखव. सगळं बाहेर येते.”

“आन् फास्ट बॉलर? तो पळत नाही का, बाई?”

“पळते ना. तो खेळाडू. बाकीचे चौकीदार. चेंडू आला तं आला, नाही तं उभे हायेच.”

बाकड्यावरची माणसं खो खो हसायची. संजूही हसायचा, पण तो काही कमी नव्हता. “तुमच्या खोखोचा एक तरी गडी सांगा जी, टीव्हीवर पाहून पानठेल्यावरचा माणूस ओळखते असा!” “टीव्हीले विचार,” म्हणून सुनंदा गाडीला किक मारायची. हे तिला लागायचं, हे मला माहीत आहे. कारण त्या दिवशी संध्याकाळी तिचा मला फोन यायचा आणि मला विनाकारण बोलणी बसायची.

माझं मत वेगळं होतं आणि आजही आहे. माझ्या माहेरी पटाचे बैल होते. शंकरपटात बैलांची जोडी छकड्याला जुंपून सोडतात, ती धुरळा उडवत डोळ्यांदेखत निघून जाते आणि माणूस उभ्या जागी ओरडायला लागतो. त्याच्याइतकं बघण्यासारखं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. एकदा मी तिला ओढूनच पटावर नेलं. निकाल लागला, जोडीच्या मालकाने फेटा बांधून घेतला, बक्षिसाच्या मोटरसायकलवर बसून फोटो काढला. सुनंदा माझ्या कानाशी म्हणाली, “पळाले बैल, फेटा बांधून राहिला मालक. आन् बैलाले मोटरसायकल कायले वं?”

“हाकणारा उभ्यानं तोल सांभाळते, ते दिसत नाही तुले?”

“तो अर्धा खेळाडू. फेटेवाला शून्य.”

मी चिडले. “तुह्या खोखोत कोण कोणाच्या मागं हाय तेच समजत नाही. माणसानं डोळे लावाचे कुठं?”

परतताना ती माझ्या मागच्या सीटवर होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, “शोभे, तुले मजा पायजे. मले गडी पायजे.” मी गाडी चालवत होते, म्हणून ती वाचली.

एकदा मात्र मी तिला गप्प करायला गेले आणि स्वतःच गप्प झाले. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया चिखलात वाकलेल्या. मी म्हटलं, दमच मोजायचा तर या सगळ्यात मोठ्या खेळाडू, दे यांना तुझी पदकं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, “त्याले खेळ नको म्हणू. हे वाकणं त्याईच्या मनचं नाही. पोरगी सूर मारते तेव्हा आपल्या मनानं पडते, तिले कोणी पाडत नाही. एवढ्या पोरीले आपल्या मनानं पडाची जागा दुसरी कुठं हाय, सांग.” सूर म्हणजे पुढच्या गड्याला गाठायला अंग जमिनीवर झोकून देणं. त्यासाठी माती मऊ लागते. शाळेजवळचं ग्रामपंचायतीचं मैदान आधी नुसतं खडकाळ होतं. सुनंदाने मुलींना घेऊन त्यातले खडे वेचले, उन्हाळ्यात गावची बोडी, म्हणजे लहान तळं, आटली की तिथला गाळ ट्रॅक्टरने आणून पसरला, आणि दर संध्याकाळी पाणी मारलं. वर्षानुवर्षं.

तेरवीला भाषणं झाली. प्रेमळ पत्नी, हसतमुख गृहिणी, घरी आलेल्याला चहाशिवाय जाऊ न देणारी… सुनंदाचा चहा पाणचट असायचा आणि ती हसतमुख मुळीच नव्हती. माणूस गेला की त्याला पुसून त्याच्या जागी भलताच कोणी तरी उभा करायचा, ही आपल्याकडची सवय मला संतापजनक वाटते. तिने घडवलेल्या मुली मागे भांडी आवरत होत्या आणि माइकवर त्यांचा कोणी उल्लेख केला नाही. शेवटी संजू उठला. डोळे पुसून त्याने जाहीर केलं, की बाईंच्या नावाने दर वर्षी स्मृती चषक भरवायचा, टेनिस बॉल क्रिकेटचा, आणि त्यासाठी मैदानावर सिमेंटचं कायमचं पिच बांधायचं. मैदानाच्या मधोमध, खोखोच्या दोन खांबांच्या मध्ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी हात जोडले.

आमच्या भागात कोणाचं नाव राखायचं म्हणजे चषक ठेवायचा, आणि चषक म्हणजे क्रिकेट, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटलं. दोन दिवस मी दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसले आणि मग गाडी काढून भाऊजींच्या अंगणात जाऊन बसले. संजूला बोलावून घेतलं.

“सिमेंटवर सूर मारल्यावर गुडघे कोणाचे फुटतील रे?” मी विचारलं.

“पोरी हायेत किती, ताई? लोकं क्रिकेटलेच येते. बाईंचं नाव मोठं कराचं हाय तं गर्दी पायजे ना. बाईंच्या नावानं आजूबाजूचे सारे संघ याले तयार हायेत. खोखो ठेवला तं मंडपवाला बी थांबत नाही.”

“तिले क्रिकेट आवडत नव्हतं, हे तुले माहीत नाही का?”

“माह्याएवढं कोणाले माहीत हाय?” त्याचा आवाज चढला. “मी शेंबडा होतो तेव्हापासून बाई भांडल्या माह्यासंग. आता दुकानासमोर कोणी गाडी थांबवत नाही, ताई…” तो तोंड फिरवून गेटकडे बघत राहिला. त्यामुळे मला अधिकच राग आला. मनासारखा दुष्ट माणूसही मला मिळाला नव्हता.

भाऊजी हळूच म्हणाले, “चषक नाही झाला तं पुढच्या साली तिचं नाव कोण घेईल, ताई? फोटोले हार घालाले मी एकटाच उरतो.” मग थांबून म्हणाले, “पर तुम्ही नाही म्हणसान तं मी बी नाही म्हणतो.”

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. नाही म्हटलं असतं तर सुनंदाचं नाव क्रिकेटपासून वाचलं असतं. पण पिचला सुनंदाच्या नावाची गरज नव्हती. ग्रामपंचायत संजूच्या बाजूने होती, दुसऱ्या कोणाच्याही नावाने ते झालंच असतं. संजूला नाव हवं होतं आणि मला मैदान. मी बाजारात बसणारी बाई आहे, देण्याघेण्याचं मला कळतं.

“नाव घे, मैदान सोड,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“चषकाले तिचं नाव दे, फोटो लाव, बँड आण. पण मैदानावर सिमेंट नाही. औंदा नाही, पुढं बी नाही. तुमी धान निघालेल्या बांधीत खेळा. अन् हे ग्रामपंचायतीच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोल.”

“खोखोच्या बाईंचं नाव तुम्ही क्रिकेटले देऊन राहिल्या?” असं संजू म्हणाला, आणि मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, कारण अगदी हेच सुनंदा म्हणाली असती. पण गेलेल्या बाईचं नाव आणि खेळत्या मुलींचे गुडघे, यातलं एकच राखता येणार होतं. तो कबूल झाला. बैठकीत बोललाही.

स्पर्धा धान कापलेल्या एका बांधीत, म्हणजे भातखाचरात, झाली. चौकात मोठा फलक लागला होता, त्यावर साडीतली सुनंदा आणि शेजारी हेल्मेट घातलेला कोणी फलंदाज. अंतिम सामन्याला भाऊजींच्या शेजारी मला खुर्ची दिली. समालोचक माइकवर ओरडला, “क्रिकेटप्रेमी स्वर्गीय सुनंदाताईंच्या पावन स्मृतीस…” मी खुर्चीतून उठलेच. “ताई, बसा,” भाऊजी म्हणाले. तेरवीनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड होता. मी बसले. दात आवळून बसले.

एक गोष्ट सांगायलाच हवी. एका पोट सुटलेल्या गड्याने धसकटांतून लांबवर पळत जाऊन अंग झोकून दिलं आणि झेल घेतला. सगळी बांधी उठून उभी राहिली, मीही. तो गडी गुडघ्यांवर हात टेकून, तोंड उघडं टाकून, सगळ्या लोकांसमोर खुशाल धापा टाकत होता. कोणी तरी त्याला पाणी नेऊन दिलं. मी त्याच्याकडे बघत राहिले… सुनंदाने त्याला खेळाडू म्हटलं असतं का, यावर आम्ही दोघी आठवडाभर भांडलो असतो. मी म्हटलं असतं, आणि शिवाय शहाणा.

बक्षीस समारंभात संजूने मलाही एक छोटा कप दिला. सोनेरी मुलामा, डोक्यावर बॅट उगारलेला माणूस, खाली सुनंदाचं नाव. दुकानात ठेवायची इच्छा नव्हती, टाकवतही नव्हता. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन मुलींना दिला आणि म्हटलं, याचं काय करायचं ते तुम्ही करा.

परवा पुन्हा गेले होते. मुली मैदान आखत होत्या. पांढरी फक्की त्या कपात भरून, कप तिरपा धरून, एक जण पाठमोरी चालत रेघ ओढत होती. फलंदाजाची बॅट मोडून पडली होती आणि सुनंदाचं नाव फक्कीखाली दिसत नव्हतं.

“जाडी येऊन राहिली वं रेघ,” एक कुरकुरली.

“मंग तू ओत,” दुसरीने कप तिच्या हातात दिला. “अन् पाडू नको. बाईचा हाय.”

तिने फक्की जरा आखडत्या हाताने सोडली. रेघ एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, पाणी मारलेल्या मातीवरून सरळ गेली.