प्रोस्टेटवाले थोरले साडू

माझ्या थोरल्या साडूंचा हेवा न करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांना भेटलेला नसणार. ते नौपाड्यात राहतात आणि मी डोंबिवलीत, अन्यायाला सुरुवात इथूनच होते. भाचीला वर्तकनगरात जागा मी शोधून दिली. वास्तुशांतीला भाषण त्यांनी केलं. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आलेली मंडळी त्यांच्याभोवती बसून नारळपाणी पीत होती. नारळ माझे होते.

मागच्या वर्षी आम्हा दोघांचीही प्रोस्टेट वाढलेली निघाली. माझी साधी, वयोमानाने. त्यांचा मात्र कॅन्सर. ऐकून मला रडू आलं हे खरं, आणि थोड्याच दिवसांत मी पूर्वीसारखा जळायला लागलो हेही खरं. कारण साडूंनी डॉक्टरांनाच विचारलं होतं, "एवढी गाठ वाढेपर्यंत प्रतिकारशक्ती काय करत होती?" आणि उत्तर समजल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. कल्याणला एका बारशाला बाळ पाळण्यात ताटकळत राहिलं आणि बायका यांच्याभोवती.

"अहो, आपल्या शरीरात ग्रोथ फॅक्टर असतात," साडू सांगत होते. "पेशी वाढवणं, जखम भरणं हे त्यांचं काम. जखम भरत आली की त्यातलेच काही प्रतिकारशक्तीच्या पेशींना सांगतात, आता पुरे, शांत व्हा. ही लबाड गाठ तेच पदार्थ सतत सोडत राहते. मग मारायला आलेल्या पेशी ढिल्या पडतात. काही तर उलट बाकीच्यांनाच आवरायला लागतात!"

"दाजी किती छान समजावतात," घरी येताना बायको म्हणाली. "तुम्ही आपले सारखं उठावं लागतं एवढंच सांगता."

मग एकदा मेव्हणीचा गुडघा दुखत होता म्हणून साडूंच्या कॅन्सरच्या इंजेक्शनला हॉस्पिटलात त्यांच्यासोबत मी गेलो. तिथे एक गृहस्थ नुकताच कॅन्सरचा रिपोर्ट हाती आल्याने घाबरून बसले होते. साडूंनी त्यांना सगळं समजावलं, हसवलंसुद्धा. मी कोपऱ्यात मासिक उलटं धरून जळत होतो.

बाहेर आलो. मी रिक्षाला हात करणार, तेवढ्यात त्यांनी माझी बाही धरली.

"मला फार भीती वाटते हो," ते म्हणाले. "बोलत असलो की नाही वाटत. हिला सांगू नका."

मी नुसता त्यांचा हात धरून उभा राहिलो. रिक्षा आली आणि गेली.

बायकोने विचारलं, "काय म्हणाले दाजी?"

"काही नाही. बरे आहेत."

औषध सध्या लागू पडतंय. संध्याकाळ झाली की मी नौपाड्याला फोन लावतो आणि आजाराबद्दल काहीतरी अडाण्यासारखं विचारतो. "तुम्हाला एवढंही कळत नाही?" म्हणून ते चिडतात आणि मग बराच वेळ बोलत राहतात. मी मध्ये मध्ये "हं" म्हणतो आणि फोन ठेवायची घाई करत नाही.