नात पोहोचली, पेटी राहिली

आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरातून विलायतेला दोघं निघाली होती: माझी नात आणि माझी पेटी. नात पोहोचली.

प्रज्ञा इथंच, जबलपुरात डॉक्टरकी शिकते. आमच्या कुळात दवाखान्यात जाणारे पुष्कळ झाले, पण सगळे झोपून! पांढरा कोट घालून जाणारी ही पहिली. तिला इंग्लंडातल्या एका मोठ्या दवाखान्यानं मुलांच्या वॉर्डात काम शिकायला बोलावलं. सोमवारी सकाळी हजर नाही झाली, तर जागा दुसऱ्याला. मी चौथी पास (पाचवीत मास्तरशी पटलं नाही), पण ही बातमी सिहोऱ्यापर्यंत पोहोचवली. बसनं, स्वतः जाऊन!

आता, माझी सारी नोकरी गेली कारखान्याच्या पॅकिंगमध्ये. मी ठोकलेली पेटी डोंगरावर चढो नाहीतर दरीत पडो, वाटेत उघडली असं कोणी सांगावं! आणि माझ्या नातीचं सामान चेनच्या बॅगेत जाणार?

"आबाजी, बैग काफी है," प्रज्ञा म्हणाली.

"चेन काय पॅकिंग असते काय? दोन बोटांनं उघडते!"

"उघडायसाठीच असते न!"

(शिकली की पोरं अशीच बोलतात.) मी लिलावातलं जुनं लाकूड काढलं, पेटी बनवली, हिरवा रंग मारला, वर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव आणि 'ही बाजू वर' असा बाण. आत माझ्या बायकोनं, शांतानं, केलेले लाडू. प्रज्ञासाठी आणि वॉर्डातल्या लेकरांसाठी.

"आबाजी, वॉर्डात बाहेरचं खाणं नाही चालत!"

"बाहेरचं कुठं? घरचं आहे!"

मग खिळे. शांता दारात उभी राहून बघत होती.

"काहून इतके खिळे ठोकून राहिले जी? तिथं उघडन कोण?"

"पंजा देऊन राहिलो न सोबत, खिळे काढायचा!"

मी काही अडाणी नाही. तो लोखंडी पंजा सगळ्यात आधी आठवणीनं ठेवला होता.

विमानतळावर प्रज्ञा आत गेली. आम्ही बाहेर उभे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत होतो, आत गेली ती माझी नात. तेवढ्यात नात परत आली! मागे ढकलगाडीवर पेटी, त्यामागे वर्दीवाले साहेब.

"दादाजी, इसमें क्या है?"

"लड्डू."

"मशीन में लोहा दिख रहा है. मुड़ा हुआ."

"हमारे घर के लड्डू ज़रा कड़क होते हैं."

शांतानं माझ्याकडे पाहिलं. मशीनपेक्षा आरपार!

"खोलिए."

"साहब, मेरी पैकिंग आज तक रास्ते में नहीं खुली!"

"आबाजी!" प्रज्ञा रडकुंडीला आली. "हे विमान गेलं तर दिल्लीहून पुढचंही गेलं! मग वॉर्डही गेला!"

पोरीचा आवाज ऐकला आणि माझा सगळा ताठा उतरला. "खोलता हूँ," म्हणून मी पिशवीत हात घातला. मग खिशात. मग हळूच पेटीकडे बघितलं.

"पंजा कुठं आहे?" शांतानं विचारलं.

"आत."

"पेटी उघडायचा पंजा पेटीत?"

"तिले तिथं लागला असता न!"

मी घराची किल्ली घालून पाहिली. किल्ली वाकली. साहेबांनी ओढून पाहिलं, ढकलगाडीवाल्यानं पाहिलं. फळी हलेना. खोटं कशाला बोलू, तशा हालतीतही छाती थोडी फुगलीच!

"दादाजी," साहेब हसू दाबत म्हणाले, "बिटिया जाएगी या डब्बा?"

आयुष्यात पहिल्यांदा मी माल परत घेतला. प्रज्ञा चेनची बॅग घेऊन जी पळाली, ती विमानातच बसली.

आठवड्यानं तिचा व्हिडिओ फोन आला. अंगात कोट, गळ्यात छाती तपासायची नळी. माझी छाती पुन्हा फुगली.

"आबाजी, इथं एक छोटी मुलगी आहे. औषधाला तोंडच उघडत नव्हती. सगळ्या सिस्टर थकल्या. मग मी तिला तुमची पेटी सांगितली. पंजा आत आहे म्हटल्यावर इतकी हसली, इतकी हसली, की सिस्टरनं चमचा तिथंच सारला! अब रोज पूछती है, डब्बा खुला क्या?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी अख्ख्या मोहल्ल्यात सांगतो, विलायतेच्या दवाखान्यात माझ्या पेटीनं इलाज चालतो. अंगणात पेटीवर बसूनच सांगतो. शेजारी आपला पंजा द्यायला तयार होता, पण मी घेतला नाही. पोरगी बरी व्हायच्या आधी औषध कसं बंद करायचं?

परवा प्रज्ञानं कळवलं, पोरगी बरी होऊन घरी गेली. शांता म्हणाली, "आता तरी उघडा." शेजाऱ्याचा पंजा आणला, दुपारभर झटलो, घाम निघाला. शेवटी पंजा वाकला.

"आता काय म्हणावं तुम्हाले?" शांतानं कपाळाला हात लावला.

"काय म्हणायचं ते म्हण," मी म्हणालो. "पण चेनची बॅग असती, तर केव्हाच उघडली असती!"