न केलेल्या स्थलांतराचा पुरावा

सुज्ञ मित्रहो, आज दुपारी मुकुंदवाडीतील आमचे शेजारी साबिरभाई यांच्या घरी मी दुभाषी या महनीय पदावर विराजमान होतो. त्यांची कन्या नाझनीन परिचारिका आहे; तिला इंग्रजी येते, पण साबिरभाईंना प्रत्येक शब्द स्वतः समजायला हवा होता. आयर्लंडमधील तिची नोकरी आजच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीवर अवलंबून होती.

पडद्यावर तेथील अधिकारी प्रकटले. मुद्रा अशी, जणू पृथ्वीचे एकमेव द्वारपाल. पासपोर्टवर पत्ता औरंगाबाद, आधारवर पत्ता छत्रपती संभाजीनगर. त्यांनी पृच्छा केली, "आपण शहर केव्हा बदललं?"

मी भाषांतर करताच साबिरभाई उत्तरले, "हम तो हिलेच नै साहब, शहर का नाम हिल गया."

मी हे गांभीर्यपूर्वक इंग्रजीत निवेदन केले. नामांतराचे शासकीय राजपत्रही दाखवले. महाशयांनी आपली यादी चाळली. यादीत 'शहराचे नाव बदलले' असा पर्यायच नव्हता. सबब तसे घडलेच नव्हते. आज्ञा झाली, सात दिवसांत स्थलांतराचा पुरावा जोडा, अन्यथा अर्ज बाद.

"काका, सामान हलवल्याची पावती कुठून आणू?" नाझनीन म्हणाली. "आपलं तर कपाटसुद्धा हललं नाय."

त्या प्रज्ञावंतास कोण सांगणार, की भामट्याची सर्व कागदपत्रे तंतोतंत जुळतात, कारण तो ती एकाच बैठकीत तयार करतो? हिची जुळत नाहीत, कारण ती खरी आहेत.

असो. न केलेल्या स्थलांतराचा दाखला कोणत्या कार्यालयात मिळतो, हे कोणास ज्ञात असल्यास सात दिवसांच्या आत कळवावे.