फरीदाबादच्या बागेतली चार नावं

डॉक्टर ‘जाऊ नका’ म्हणाले, तेव्हाच अण्णांचं जायचं पक्कं झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार. साताऱ्याजवळच्या गावात राहतात आणि चालताना खांद्याला ऑक्सिजनचं छोटं मशीन अडकवतात. “दिल्लीची हवा धडधाकट माणसाला सोसत नाही, तुम्ही कुठं निघालात?” डॉक्टरांनी विचारलं.

“दत्ताच्या घरी,” अण्णा म्हणाले आणि फाइल उचलून उठले.

दत्ताकाका त्यांच्या तुकडीतले. कारगिलच्या लढाईत ही माणसं तोफांचा दारूगोळा सांभाळत होती. एके सकाळी शत्रूचा गोळा पडून साठ्याला आग लागली. उरलेला दारूगोळा वाचवायला अण्णा, दत्ताकाका आणि आणखी दोघं असे चौघं जण तोंडाला ओले टॉवेल बांधून आत शिरले आणि दुपारपर्यंत पिवळ्या धुरातून पेट्या ओढत राहिले. चौघंही जिवंत बाहेर आले. मग काही वर्षांनी एकेकाची छाती भरायला लागली. पेन्शनच्या कागदांवर शेरा पडला, ‘आजाराचा सेवेशी संबंध नाही.’ आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या अण्णांना प्रत्येक तपासणीत पहिला प्रश्न तोच, “बिडी ओढता का?” दोघं आधीच गेले होते. गेल्या हिवाळ्यात दिल्लीजवळ फरीदाबादला दत्ताकाकाही गेले.

त्यांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, सोसायटीच्या बागेत नावाचा एक दगड बसवायचा होता. कमिटीनं नकार दिला. काकूंचा फोन आला आणि आम्ही तिकिटं काढली.

असा प्रवास कुणाला करायचा असेल तर सांगते. साताऱ्याहून थेट निजामुद्दीनला गाडी आहे. खालचा बर्थ मिळवा, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि मशीनच्या दोन बॅटऱ्या घ्या, कारण डब्यातल्या प्लगचा भरवसा नाही. महिना मार्चचा निवडा. धुकं आणि काजळी सरलेली असते, उन्हाळा तापलेला नसतो. निजामुद्दीनहून मेट्रोनं लाजपतनगरला उतरून फरीदाबादची जांभळी लाइन धरता येते, पण सामान असेल तर टॅक्सीच बरी. आमचा टॅक्सीवाला सातशेवर अडला होता. मशीन बघून स्वतःच पाचशेवर आला आणि अण्णा चिडले. “दया नको. सातशेच घे!”

काकूंच्या घरी पोहे तयार होते, सोबत त्यांची मुलगी पूजानं आणलेले गरम छोले-कुलचे. पूजा तिथंच वाढलेली. “काका, बिल्कुल टेन्शन नका घेऊ यार. संडेला मीटिंग आहे, आपण जाऊ.”

शनिवारी इंडिया गेटजवळचं युद्धस्मारक बघितलं. तिकीट नाही, पण चालणं खूप आहे. आम्ही पाच ठिकाणी बसलो. दगडी विटांवर कोरलेली नावं अण्णा बोट न लावता वाचत होते. मला राहवलं नाही. “अण्णा, तुमच्या गेलेल्या तिघांची नावं इथं का नाहीत?”

“ही भिंत रणांगणात पडलेल्यांची आहे, नंदा. त्यांच्या जागेवर आपण हक्क सांगायचा नाही. आपली भिंत आपण उभारू.”

रविवारची मीटिंग सोसायटीच्या हॉलमध्ये होती. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते, फक्त नियमाचे होते. “हवालदार साहब, शहीद तो वो, जो जंग में जान दे. दत्ताजी तो घर पर गुज़रे.”

“शहीद मत लिखिए,” अण्णा म्हणाले. “जो हुआ, वो लिखिए.”

“उसका प्रूफ?”

अण्णांनी नाकातली नळी काढली आणि मशीन बंद केलं. त्याची घरघर थांबली आणि हॉलमध्ये फक्त त्यांच्या छातीतली शीळ ऐकू येऊ लागली. मी उठले, तर त्यांनी हातानं मला बसवलं. समोरच्या बाई रडायला लागल्या. ओठ निळे व्हायला लागले तेव्हा सेक्रेटरीच ओरडले, “लगाइए, साहब! लगाइए!”

नळी लावून, छातीवर हात ठेवून दम खात अण्णा म्हणाले, “ये प्रूफ है. पंचवीस साल से साथ लेकर घूम रहा हूँ.”

बागेतली जागा मिळाली.

सोमवारी संगमरवराच्या दुकानात अण्णांनी मजकूर सांगितला. सगळ्यांना वाचता यावा म्हणून हिंदीत आणि काकूंच्या हट्टामुळे खाली मराठीत: ‘जळत्या दारूगोळ्यातून पेट्या काढताना या चौघांच्या छातीत विषारी धूर गेला. त्यांच्या आजाराचं कारण युद्ध.’

“चौघांच्या?” काकू थबकल्या. “भाऊजी, तुम्ही आहात अजून!”

“आहे, म्हणूनच लिहितोय. माझ्या मागं नंदाला कुठल्या हॉलमध्ये भांडायला लागू नये.”

कारागिरानं चौथ्या नावापुढची तारीख विचारली. “जगह छोड़ दो,” अण्णा म्हणाले. “मुझे कोई जल्दी नहीं.” कारागीर आधी दचकला, मग जोरात हसला. आम्हीही हसलो. काकूंना त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच हसताना बघितल्याचं पूजा म्हणाली.

बुधवारी सकाळी दगड बसला. फिरायला आलेली माणसं थांबली. भाषण झालं नाही. अण्णांनी तीन नावांना सॅल्यूट ठोकला आणि चौथ्याकडं बघून फक्त मिशीवरून हात फिरवला.

घरी आल्यावर अण्णा पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. डॉक्टर मला खूप बोलले आणि त्यांचं चुकलं नव्हतं. कागदांवरच्या त्या शेऱ्याविरुद्ध केलेलं अपील अजून तसंच पडून आहे. मग या प्रवासानं काय दिलं? दगडाचा फोटो फिरत फिरत कुठं कुठं पोहोचला आणि गेल्या आठवड्यात शेजारच्या गावांतले दोन निवृत्त जवान आपापले एक्स-रे पिशवीत घालून आमच्या ओसरीवर आले. अण्णांनी त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, “उद्या ग्रामपंचायतीत जायचंय.”

दगडासाठी एसटी स्टँडसमोरची जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली आहे.