बंद न होणारं इंजिन

मामेबहिणीचं लग्न गंगापूर धरणाच्या पलीकडच्या काठाला, मामाच्या गावात होतं. वरमायचे गुडघे दुखायचे, म्हणून पंचवटीहून आलेल्या वऱ्हाडातल्या तिला आणि तिच्या जावांना मामाने लांबच्या रस्त्याऐवजी होडीतून न्यायचं ठरवलं. होडीला मागे दोरी ओढून चालू करायचं जुनं इंजिन होतं. मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात वायरिंगच्या कामाला होते. इंजिन मीच सांभाळणार, असा हट्ट धरून बसले.

मध्यावर पोचलो आणि इंजिन बंद पडलं. दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला. मामा वल्ही काढायला लागला, तर त्याला मीच थांबवलं. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. बायका माझे काळे झालेले हात बघत होत्या. शेवटी सापडलं. बंद करायच्या बटणाची वायर सोलवटून इंजिनाला चिकटली होती, त्यामुळे ठिणगी पडतच नव्हती. ती वायर मी उपटून बाजूला केली. इंजिन पहिल्याच झटक्याला धडधडलं. वरमायने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि मी फुलून गेले.

काठ जवळ आला तशी ती उतरायला उभी राहिली. मी बटण दाबलं. इंजिन बंद होईना. त्याची वायर मीच काढली होती, हे तेव्हा लक्षात आलं. इंजिन चालू ठेवून पाण्यातला पंखा थांबवायला त्याला न्यूट्रलही नव्हतं. पेट्रोलची नळी उपटेपर्यंत होडी चिखलात घुसली आणि वरमाय पैठणीसकट पाण्यात गुडघ्यांवर पडली.

काठावर सनई वाजत होती, ती थांबली. मामाने धावत जाऊन तिला उठवलं. लागलं नव्हतं फारसं. मी माफी मागायला गेले, तर पदर पिळत तीच हळू आवाजात म्हणाली, "आधी सांगायचं ना, बाई. बसून राहिले असते मी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मुहूर्त टळला नाही. मामीची साडी नेसून ती मांडवात उभी राहिली. मामा मला समजावत होता, "इंजिन तर तूच चालू केलं ना? नायतर अजून पाण्यातच असतो." पंगतीत जिलबी वाढायला माझ्याकडे ताट दिलं होतं. वरमायची रांग आली, तेव्हा ते दुसरीच्या हातात देऊन मी मांडवामागे निघून गेले.