तुळईची परवानगी

मे १९९८, रविवार, जुन्नर. हजर : मी, शेजारचे भाऊ आणि वहिनी.

भाऊंच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर इतकं अंधारं, की वहिनींना भर दुपारी बल्ब लावून भाकरी थापाव्या लागत. भिंतीत खिडकी पाडा म्हटलं, की भाऊ आधी नक्षीदार सागवानी तुळईवर थाप मारत आणि मग म्हणत, "हिला इचारायला पायजे, राव."

आज शेवटी छपरात एक काचेचं कौल बसवलं. उजेड नेमका शेगडीवर पडला. वहिनींनी बल्ब बंद केला, तोवर भाऊ त्याच उजेडात खुर्ची टाकून पेपर वाचायला बसले.

"सरका, न्हाईतर तुमालाच तव्यावर घेते," वहिनी म्हणाल्या.

भाऊ वीतभर सरकले.

त्यांच्या पेपरासाठी माजघरावर दुसरं कौल घालायचं आहे, पण भाऊंनी तुळईला अजून विचारलेलं नाही.