न्हाऊ घातलेला दस्ता

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत तो बसायचा. एक खिडकी, एक टेबल. टेबलावर जुन्या ब्लँकेटची घडी, कारण लाकडाला ओरखडा गेलेला त्याला खपत नसे. सगळे त्याला दस्तेकाका म्हणत. युद्धातल्या जुन्या बंदुका लोक आणून देत, आणि त्यांचा लाकडी दस्ता मूळचा की नंतर बदललेला, हे सांगणं त्याचं काम. सगळं मूळचं असलं तर बंदूक दालनात भिंतीवर लागे, खाली तिच्या शिपायाच्या नावाची पाटी. नसलं तर ती तळघरात जाई. पूर्वी एकदा नकली दस्ता भिंतीवर चढला आणि गावभर बोभाटा झाला. तेव्हा संग्रहालयाच्या साहेबांनी हा नियम केला आणि तो याच्या गळ्यात बांधला.

त्याआधी तो खुर्च्या बनवायचा. खुर्ची बनवणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. इथे मात्र जो येई तो त्याच्या तोंडाकडेच बघत राही. इतकी वर्षं त्या नजरा झेलून तो थकला होता. ‘नाही’ हा शब्द त्याच्या जिभेवर पायरीसारखा झिजला होता.

घरीही त्याची ही पारखायची नजर सुटत नसे. पाहुण्यांसमोर त्यानं एकदा कपाचा कान चिकटवलेला असल्याचं सांगून टाकलं. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, “माझा गुडघा बदलला, दात बदलले, डोळ्यात भिंग बसवलं. बघा मलाही उलटीपालटी करून. भिंतीवर लावणार की तळघरात?”

“तुझी जीभ मूळची आहे,” तो म्हणाला. “तेवढ्यावर भागेल.”

त्या दिवशी एक म्हातारी बाई मुलाला घेऊन आली. मुलाच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेली बंदूक.

“मामाची आहे,” मुलगा म्हणाला.

“माझ्या धाकट्या भावाची,” बाई म्हणाली. “युद्ध संपलं, तो आला नाही. पलटणीनं ही पाठवली, निकामी करून. जन्मभर माळ्यावर होती. त्याचं नाव कुठेच नाही हो, स्मारकाच्या दगडावरसुद्धा नाही. तुमच्या भिंतीवर एकदा वाचलं की सुटले मी.”

त्यानं चादर सोडली. दस्ता आरशासारखा चमकत होता. हात लावायच्या आधीच त्याला कळलं. तरी त्यानं हात लावला. जुना दस्ता लोखंडाच्या कडेपाशी केसभर वर उठलेला असतो. कोणी घासला की लाकूड खाली बसतं आणि लोखंड वर राहतं. इथे त्याचं नख लोखंडाला अडलं. कारखान्याच्या तपासनिसाचा ठसा असायला हवा होता, तिथे नुसती चकाकी होती.

“वॉर्निश कोणी लावलं?”

“मीच,” बाई खुशीत म्हणाली. “आठ दिवस घासत होते. काय मळ हो! तेल, घाम, काळे डाग. पॉलिश पेपरचा ढीग संपला.”

“मी म्हटलं सुताराकडे देऊ,” मुलगा म्हणाला. “पण ऐकेल तर ती आई कसली.”

“भाऊ माझा की सुताराचा?” ती फटकन म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “न्हाऊ घालायलासुद्धा काही हाती आलं नाही त्याचं. आता चारचौघांत जायचंय, म्हटलं स्वच्छ करून न्यावा.”

दस्त्याच्या टोकाच्या पितळी पत्र्याचे दोन स्क्रू त्यानं काढले. पत्र्याखालचं लाकूड काळसर, जुन्या तेलानं माखलेलं होतं. त्यात नंबर ठोकलेला. नळीवरही तोच नंबर होता.

“मूळचा आहे ना?”

“लाकूड त्याचंच आहे, ताई. पण वरचा थरही मूळचा लागतो. तो गेलाय. भिंतीवर नाही लागायची. तळघरात ठेवून घेऊ शकतो.”

“म्हणजे आईनं—”

“म्हणजे काही नाही,” तो मुलावर खेकसला. “माळ्यावर इतकी वर्षं पडून होती. तसंही व्हायचंच होतं.”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. “शाळेत शिवण शिकवण्यात जन्म गेला माझा. कापड आपोआप विरलं की कोणी फाडलं, ते मला कळतं. मीच घालवलं ना?”

‘नाही’ म्हणायची त्याला सवय होती. ‘हो’ म्हणायला वेळ लागला.

मुलानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. दस्तेकाकानं बंदूक उचलून तिचं उघडं टोक बाईसमोर धरलं.

“इथे तुमचा हात पोचला नाही.”

तिनं त्या काळ्या लाकडावर बोट टेकवलं. जरा थांबून ते नाकाशी नेलं.

“जवसाचं तेल,” तो म्हणाला. “शिपाई तेच चोळायचे.”

“सुट्टीवर आला की त्याच्या हातांना हाच वास यायचा,” ती म्हणाली. “जेवायला बसायच्या आधी मी त्याच्यावर ओरडायचे, साबण लाव म्हणून.”

वर दालनात शाळेची मुलं धावत होती, छत दणदणत होतं.

“झाकण लावा परत,” ती म्हणाली. “तळघरात नको. अंधारात पुष्कळ राहिला. घरी नेते.”

त्यानं पत्रा बसवला, स्क्रू पिळले. मुलानं बंदूक उचलली. बाईनं चादर गुंडाळली, पण एकाच हातानं. दुसऱ्या हाताचं ते बोट तिनं वेगळं धरलं होतं, कशालाही पुसलं जाऊ नये म्हणून. दारातून जातानाही तसंच.